आलेच नावाची वस्तू

आठवीला त्या वर्षी ‘उत्पादन आणि विपणन’ नावाचा नवा विषय लागला, आणि तो शिकवायला कोणी पुढं येईना म्हणून रत्नप्रभा मगदूम यांच्या गळ्यात पडला. बाई मूळच्या भूगोलाच्या. इचलकरंजीच्या त्या शाळेत बावीस वर्षं त्यांनी नद्या, वारे आणि पिकं शिकवली होती. विपणन म्हणजे काय, हे त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत पुस्तक वाचून समजून घेतलं. पुस्तकातलं पहिलंच वाक्य त्यांना आवडलं होतं. वस्तू विकण्याआधी माणूस समजून घ्या.

पुस्तकाबरोबर शाळेला एक खोकं आलं. त्यात तापात कपाळावर ठेवतात तेवढ्या रुंदीची एक मऊ राखाडी पट्टी होती. तिचं नाव ओढपट्टी. मोठ्या कंपन्या ती पाच-सहा वर्षं वापरत होत्या. आता ती स्वस्त झाली होती आणि शाळाशाळांत पोचली होती.

पहिल्या तासाला बाईंनी पेढ्यांचा डबा आणला.

“मला सांगा, पेढ्याची ओढ सगळ्यांत जास्त कधी असते? डबा उघडताना, हात पुढं करताना, की पेढा तोंडात असताना?”

“तोंडात असताना!” अख्खा वर्ग ओरडला.

दिग्विजय पाटील आपणहून पुढं आला. बाईंनी त्याच्या कपाळाला पट्टी बांधली. भिंतीवरच्या पडद्यावर एक रेघ थरथरू लागली. झाकण वाजलं तशी रेघ चढली. हात डब्याकडं गेला तशी आणखी चढली. पेढा तोंडात गेला आणि रेघ धपकन खाली आली.

“पेढा वाईट होता काय रे?”

“नाही बाई, एक नंबर होता!” तो चघळत म्हणाला.

मग बाईंनी समजावून सांगितलं. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर बरं वाटणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. ती दोन वेगळ्या वाटांनी चालतात. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य आहे. ते उसळतं ते वस्तू मिळाल्यावर नव्हे, ती मिळणार असं वाटू लागल्यावर. ही उसळी नाडीच्या ठोक्यांत, कातडीवरच्या घामात आणि कपाळामागच्या विजेच्या लहरींत उमटते. पट्टी ते सगळं टिपते आणि शून्य ते शंभर असा एक आकडा देते.

“म्हणजे बाई,” मागच्या बाकावरून अरमान मुजावर म्हणाला, “ही पट्टी आवडलं का ते सांगत नाही. पाहिजे का तेवढंच सांगते.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. आपण किती महत्त्वाच्या गोष्टीला नुसतं बरोबर म्हणून पुढं गेलो, हे त्यांना पुढं फार दिवसांनी कळलं.

वर्षभराचं काम ठरलं. तिघातिघांचे गट पाडायचे. आपल्या आसपास असा एक खरा माणूस शोधायचा, ज्याला काहीतरी हवंय आणि ते बाजारात मिळत नाही. ते बनवायचं, त्याला नाव द्यायचं, लोकांवर तपासायचं, सुधारायचं आणि नोव्हेंबरात कोल्हापूरच्या प्रदर्शनात मांडायचं. एका गटानं हाक मारली की ओ देणारा चष्मा घेतला. दुसऱ्यानं म्हशीच्या गोठ्यातले डास हाकलणारी घंटा घेतली.

दिग्विजय, अरमान आणि रेवती कोष्टी यांचा एक गट झाला. रेवती फारसं बोलायची नाही. आपल्या गटाची गरज वाचून दाखवायला ती उभी राहिली आणि कागदाकडं न बघता म्हणाली, “मला माझ्या आईच्या चालण्याचा आवाज पाहिजे.”

रेवतीची आई, कांचन, दोन वर्षांपूर्वी जर्मनीत स्टुटगार्टला नर्स म्हणून गेली होती. करार अजून तीन वर्षांचा होता. रेवती वडिलांबरोबर राहायची. वडील यंत्रमागावर, दुपारपासून पाळी.

“आई रोज फोनवर दिसते की तुला,” एका मुलीनं विचारलं.

“दिसते. पण येत नाही,” रेवती म्हणाली. “ती कामावरनं यायची तेव्हा आधी जिन्यात आवाज यायचा. तो ऐकून मी टीव्ही बंद करून पुस्तक घ्यायची. तेवढा आवाज पाहिजे.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत त्या वाक्याखाली रेघ मारली.

वस्तू बनवायला दीड महिना लागला. अरमानच्या चाचांच्या शेडमधे प्रत्येक मागाला एक बारकी चकती चिकटवलेली असायची. माग कसा थरथरतो त्यावरून धागा कुठं तुटणार ते ती आधीच ओळखायची. अरमाननं तसल्या दोन जुन्या चकत्या मागून आणल्या. माणसाचं चालणंही असंच, सहीसारखं, प्रत्येकाचं वेगळं असतं. टाच आधी पडते की चवडा, कुठल्या पायावर भार जास्त, दोन पावलांत किती वेळ जातो. चकत्या कुरिअरनं कांचनकडं गेल्या आणि तिनं त्या बुटात बसवल्या. इकडं दिग्विजयनं सुताराकडून एक पाट करून घेतला. पाटाच्या पोटात थरथर निर्माण करणारे स्फटिकाचे चार खडे बसवले. चकत्यांतली थरथर फोनवरून पाटात उतरायची. पाट दाराच्या आत ठेवला की लांबून कोणी चालत येतंय असा आवाज फरशीतून यायचा. आधी अंधुक, मग ठळक.

“नाव काय?” बाईंनी विचारलं.

“आलेच,” रेवती म्हणाली. “आई जिन्यातनं ओरडायची, आलेच गं!”

पहिली चाचणी रेवतीच्या घरी झाली. स्टुटगार्टचे दुपारचे दोन म्हणजे इथले साडेपाच. कांचनची पाळी सुटायची वेळ. तिघं मुलं आणि बाई पाटाभोवती मांडी घालून बसले. फरशीतून टक, टक, टक असं सुरू झालं. मधेच आवाज थांबला.

“सिग्नल,” रेवती कुजबुजली. “तिथं एक सिग्नल आहे.”

मग पावलं भरभर पडली, एकदा घसरली, पुन्हा सावरली, जिना चढली आणि थांबली. लगेच रेवतीचा फोन वाजला. कांचनला धाप लागली होती. “पोचले गं. ऐकू आलं का? बर्फ नाही अजून, पण पाय घसरला बघ माझा.”

रेवती हसत हसत रडली. तिच्या कपाळावरच्या पट्टीचा आकडा आला, एकसष्ट.

डासांच्या घंटेला चौऱ्याहत्तर मिळाले होते.

“घंटेला आपल्यापेक्षा जास्त?” दिग्विजयचा चेहरा पडला. “बाई, हे काय खरं नाही.”

पट्टीबरोबर एक सल्लागार प्रणाली होती. आकडे तिला दिले की ती सुधारणा सुचवायची. पुस्तकात लिहिलंच होतं, तपासा, सुधारा, पुन्हा तपासा. मुलांनी विचारलं आणि तिनं तीन गोष्टी सुचवल्या. एक, खऱ्या माणसानं चालायची गरज नाही. जुन्या व्हिडिओतून चाल काढता येते, म्हणजे ग्राहकाच्या माणसाला बुटात काही बसवावं लागणार नाही. दोन, आवाज रोज येऊ नये. कधी यावा, कधी येऊ नये. तीन, पावलं दारापर्यंत पोचू नयेत. दोन पावलं आधी थांबावीत.

“दुसरं कळलं नाही,” अरमान म्हणाला. “रोज आलेलं चांगलं की.”

बाईंनी वाचून घेतलं होतं. मिळणार हे नक्की असेल तर मेंदू निवांत राहतो. मिळणार नाही हे नक्की असेल तर तो नाद सोडतो. येईल की नाही याची निम्मी-निम्मी शक्यता असते तेव्हा डोपामिन सगळ्यांत जास्त वेळ चढलेलं राहतं. तिसऱ्या सूचनेचं कारण तर पेढ्यानंच दाखवलं होतं. तोंडात गेला की रेघ पडते. म्हणून तोंडात जाऊ द्यायचाच नाही.

तीन सुधारणा झाल्या आणि शेजारच्या बारा माणसांवर पाट तपासला गेला. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची लेक सासरी, कुणाचा नवरा आखातात. सरासरी त्र्याण्णव आली.

वर्गात आरोळी उठली. बाईंनी तिघांना शाबासकी दिली. त्यांनाही मनापासून आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून काही जिल्ह्यापर्यंत गेलं नव्हतं.

“बाई, तुमचं कोण लांब आहे?” दिग्विजयनं सहज विचारलं. “तुमच्यावर पण तपासूया.”

“माझं कोणी नाही लांब,” बाई म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी कपाटातून एक जुनी पेनड्राइव्ह काढली.

तिच्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, कलावतीअक्काचं, चित्रण होतं. कुणाच्या तरी बारशात अक्का ताटं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आणि पुन्हा आत जात होती. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून तिचा डावा पाय किंचित ओढला जायचा. एक पाऊल ठाम, दुसरं जरा उशिरानं.

नऊ वर्षांपूर्वी अक्कानं जैन साध्वीची दीक्षा घेतली. केस उपटून केशलोच झाला, पांढरी साडी आली, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू हातात आले. कलावतीची आर्यिका शमितमती माताजी झाली आणि संघाबरोबर अनवाणी निघून गेली. फोन नाही, गाडी नाही. दोन वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. संघ तेव्हा कर्नाटकात हुबळीच्या पुढं होता. श्रावकांकरवी निरोप गेला, पण अक्का आली नाही. येता येणार नाही हे रत्नप्रभाला ठाऊक होतं. घर सोडलेल्याला घर नसतं, हेही ऐकून माहीत होतं. तरी आई गेली त्या दिवशी तिच्या मनात काहीतरी घट्ट मिटलं. त्यानंतर सात वर्षं ती दर्शनाला गेली नाही. लोकांसारखं हात जोडून तिला माताजी म्हणायचं, आणि तिनं आपल्यालाही सगळ्यांसारखाच आशीर्वाद द्यायचा, हे तिला सोसणार नव्हतं.

तपासणीसाठी केलेल्यांतला एक पाट त्यांनी घरी आणला, अक्काची चाल त्यात बसवली आणि तो दाराच्या आत ठेवला. पहिले दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्या गवार मोडत बसल्या होत्या आणि फरशीतून आवाज आला. एक ठाम पाऊल, एक ओढलेलं. अंगणाच्या कडेकडून, जवळ, आणखी जवळ. गवारीची शेंग हातातच राहिली. पावलं दारापासून दोन पावलांवर येऊन थांबली.

रत्नप्रभानं उठून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. कोणी नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

त्यानंतर त्यांचे दिवस सहाच्या भोवती फिरू लागले. शाळा सुटली की त्या थेट घरी यायच्या. भाजी बाजारातून आणणं बंद झालं. भिशी सुटली. आठवड्यात कधी दोनदा आवाज यायचा, कधी चारदा. न आलेल्या दिवशी जास्तच वाट बघितली जायची. त्या बारीक झाल्या. विचारलं तर म्हणायच्या, प्रकल्पाचं काम आहे.

त्यांचे पती, शांतिनाथ, सूतगिरणीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी महिनाभर बघितलं. मग एका रविवारी पेपर घडी करून म्हणाले, “माताजींचा चातुर्मास यंदा शेडशाळला आहे म्हणे. आपल्या इथनं पस्तीस किलोमीटर. जाऊन येऊया का?”

“कधी?”

“आज. चार वाजता निघालो तर आठला परत.”

“आज नको,” रत्नप्रभा लगेच म्हणाली. “सहाला घरी असायला पाहिजे मला.”

दाराजवळच्या पाटाकडं एकदा बघून शांतिनाथ आत गेले. आपण काय बोललो ते बाईंच्या कानावर तेव्हा आलं. पण सहा वाजायला आले होते, आणि त्या पाटाजवळ जाऊन बसल्या.

ऑक्टोबरात एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. कांचन बोलत होती.

“बाई, त्रास देते, माफ करा. रेवती बरी आहे ना?”

“बरी आहे की. का हो?”

“फोन उचलत नाही माझा. पाळी सुटल्यावर करते तर म्हणते, आत्ता नको, नंतर. नंतर केला तर झोपलेली असते. पूर्वी बुटातल्या चकत्यांनी तिला ऐकू जायचं तेव्हा मी पळत घरी जायची बाई. आता ती म्हणते, चकत्या काढून टाक, गरज नाही. माझं काही चुकलं का? बाप बोलला का काही तिला?”

“बघते मी,” एवढंच बाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी रेवतीला थांबवून घेतलं. तिची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं जात होती.

“आईचा फोन का घेत नाहीस?”

“घेते की.”

“रेवती.”

मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “बाई, आई फोनवर असते तेव्हा ती तिकडं असते. तिच्या मागं तिकडची खिडकी दिसते, तिकडची झाडं दिसतात. फोन ठेवला की ती तिकडंच राहते. पाटावर ती इकडं येत असते.”

“पण ती नसते ती. जुन्या व्हिडिओतली चाल आहे ती.”

“मला माहीत आहे. मीच बसवली.” रेवतीनं वर बघितलं. “तरी पण येत असते.”

हे वाक्य बाईंनी स्वतःही रोज संध्याकाळी मनात म्हटलं होतं. म्हणून त्यांना रागावता आलं नाही.

त्याच आठवड्यात पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस शाळेत आला. त्र्याण्णवचा आकडा त्यांच्याकडं आपोआप पोचला होता. पाट प्रदर्शनात मांडा, पुढचं आम्ही बघतो, दारोदार जाईल असली वस्तू आहे ही, असं तो मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पिताना म्हणाला. मुलांच्या नावासकट. दिग्विजय दोन दिवस जमिनीवर चालत नव्हता.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर बाईंनी तिघांना वर्गात बोलावलं. घरचा पाट त्यांनी स्कूटरवर घालून आणला होता. त्यांनी स्वतःच्या कपाळाला पट्टी बांधली.

“लावा,” त्या म्हणाल्या.

अरमाननं कळ दाबली. वर्गाच्या फरशीतून पावलं येऊ लागली, एक ठाम, एक ओढलेलं. पडद्यावरची रेघ चढत गेली. नव्वद, त्र्याण्णव, सत्त्याण्णव. पावलं थांबली. रेघ मात्र बराच वेळ वरच राहिली.

“सत्त्याण्णव!” दिग्विजय म्हणाला. पण बाईंचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला.

“आता आकडा सोडा आणि ग्राहकाला विचारा, तिला काय मिळालं.”

अरमाननं विचारलं, “काय मिळालं बाई?”

“ही माझी थोरली बहीण. संघात आहे. सात वर्षं भेट नाही. पाट घरी नेईपर्यंत मला वाटायचं, मी तिच्यावर रागावले आहे. पाटानं कळलं की मला ती पाहिजे. तेवढं त्यानं दिलं, हे खोटं नाही.” बाईंनी पट्टी सोडून टेबलावर ठेवली. “पण ती इथनं पस्तीस किलोमीटरवर आहे आणि दोन महिने मी गेले नाही. जाता येत नव्हतं म्हणून नव्हे. इथं ती येत होती म्हणून.”

रेवती खिडकीबाहेर बघत होती.

“मी तुम्हाला अर्धंच शिकवलं,” बाई म्हणाल्या. “ओढ कशी वाढवायची ते शिकवलं. वाढवून ती न्यायची कुठं, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अरमान पहिल्याच दिवशी बोलला होता, मी लक्ष दिलं नाही.”

“म्हणजे आता प्रदर्शनात जायचं नाही?” दिग्विजयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आम्ही काय वाईट केलं? पुस्तकात होतं तेच केलं.”

“जायचं. दोन्ही तऱ्हेचे पाट तुमचेच आहेत. कुठला न्यायचा ते तुम्ही ठरवा. मी सही करते.”

“ह्यात ठरवायचं काय? त्र्याण्णववाला!”

“मला तो नको,” रेवती म्हणाली.

“तुला काय झालं आता?”

“आईचा पाय घसरला होता,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी. आठवतंय? मग तिनं सांगितलं, घसरला म्हणून. ह्या पाटावरचा पाय कधी घसरत नाही. काल तिला ताप होता. मला आज बाबांनी सांगितलं.”

दिग्विजयनं अरमानकडं बघितलं. अरमान पडद्याची वायर गुंडाळत होता. “चाचांच्या चकत्या आहेत अजून रेवतीच्या आईकडं,” तो म्हणाला. “नव्या लागणार नाहीत.”

प्रदर्शनात त्यांनी एकसष्टवाला पाट मांडला. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. परीक्षकांनी आवाज अखंड नाही, मधेच थांबतो, असा शेरा मारला. पहिला क्रमांक डासांच्या घंटेला मिळाला. परतल्यावर गाडीतून उतरताना दिग्विजय बाईंना म्हणाला, “एक आजोबा पाटावर बसून उठलेच नाहीत बाई. रेवतीची आई सिग्नलला थांबली तर म्हणाले, थांबा, येऊ दे तिला.” मग जरा हसला. “ती पोचल्यावरच उठले.”

दिवाळी झाली. चातुर्मास संपला. शेडशाळहून संघ निघायचा दिवस शांतिनाथांनी कुठून तरी काढून आणला आणि पहाटेच गाडी बाहेर काढून ठेवली.

ते पोचले तेव्हा संघ बस्तीतून, गावच्या जैन मंदिरातून, बाहेर पडत होता. चार माताजी, त्यांच्या मागं पुढच्या गावापर्यंत सोडायला निघालेली गावची पंचवीस-तीस माणसं. दोन्हीकडं ऊस उभा होता. शांतिनाथ गाडी घेऊन पुढं गेले. रत्नप्रभानं चपला गाडीतच काढल्या होत्या. ती बायकांच्या घोळक्यात मागं मागं चालू लागली. पांढऱ्या साड्यांतली अक्का कुठली ते तिला ओळखू येईना. ती पायांकडं बघत होती, ओढलेला पाय शोधत होती.

“रत्ना,” बाजूनं आवाज आला.

उजव्या हाताला, रस्त्याच्या कडेनं, एक माताजी केव्हाच्या तिच्या बरोबरीनं चालत होत्या. हाडकुळ्या, उन्हानं रापलेल्या. पाय ओढला जात नव्हता. दोन्ही पावलं सारखी, सपाट, हळू पडत होती. नऊ वर्षांच्या वाटांनी तो पाय दुसऱ्या पायासारखाच करून टाकला होता.

रत्नप्रभाचे हात आपोआप जुळले. “वंदामि, माताजी,” ती म्हणाली. शब्द सहज निघाले.

माताजींनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला, सगळ्यांना देतात तसाच. मग दोघी चालत राहिल्या. उसाच्या पात्यांवर दव होतं. खडे रत्नप्रभाच्या तळव्यांना टोचत होते.

बरंच अंतर गेल्यावर माताजी म्हणाल्या, “आईनं शेवटी काय खाल्लं होतं?”

आवाज शांत होता. नजर पुढच्या चार हात जमिनीवर, चालताना मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून ठेवतात तशीच. पण सात वर्षं हा प्रश्न कुणाला विचारता आला नसेल, हे रत्नप्रभाला त्या क्षणी कळलं.

“पेज,” ती म्हणाली. “तांदळाची. दोन चमचे. तिसरा नको म्हणाली.”

“मीठ घातलं होतंस?”

“जास्त झालं होतं. तोंड वाकडं केलं तिनं.”

माताजींच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “करायचीच ती.”

मग रत्नप्रभा सांगत गेली. सोमवारी आई काय बोलली, मंगळवारी कोण भेटायला आलं, खिडकी कुठल्या बाजूची उघडी ठेवायला सांगायची, कुठलं स्तोत्र लावायला सांगायची आणि मधेच बंद कर म्हणायची. कधी ती रडली, कधी मागून येणाऱ्या बायका ऐकतायत हे विसरून मोठ्यानं बोलली. माताजी मधूनमधून एखादा शब्द विचारायच्या, बस्स. बुधवारची सकाळ सांगून होईपर्यंत पुढच्या गावची कमान दिसू लागली. तिथली माणसं आरतीची ताटं घेऊन समोर आली होती.

“शुक्रवारपर्यंतचं राहिलं अजून,” रत्नप्रभा घाईनं म्हणाली.

“माघात आम्ही मिरजेच्या बाजूला असू,” माताजी म्हणाल्या आणि बाकीच्या तिघींबरोबर कमानीतून आत गेल्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

शांतिनाथ कमानीपाशी गाडी लावून उभे होते. रत्नप्रभा येऊन दगडावर बसली. तिच्या उजव्या तळव्यातून रक्त येत होतं. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतून पाय धुतला, रुमाल बांधला.

“दुखतंय?”

“खूप,” ती म्हणाली. “माघ कधी लागतो हो?”

ते बोटांवर महिने मोजू लागले.